वरच्या आळीस निर्मळ पाणी चढले, त्याची हकीकत

श्री उदकदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी एके नगरीचे राज्यात पाणी शुद्ध करावयाचा कारखाना पणजोबांचे वेळचा होता, आणि नगर वाढोन चौपट जाहले, मग गाळावयास हौद पुरेनात, आणि वरच्या आळीस चहाचे रंगाचे पाणी जाऊ लागले, आणि गेले पावसाळी काविळीने घरोघर अंथरुणे पडली. तेव्हां जलसुभेदार रेवतीबाई गारोळे यांनी आळीचे चौकात शब्द दिधला की, "कारखाना वाढवून याच उन्हाळी तुम्हांस निर्मळ पाणी पाजीन, नाही तर सुभेदारीची वस्त्रे उतरून ठेवीन." मग बाईंनी कंबर कसली, आणि नवे गाळणहौद बांधविले, आणि जुन्यांची वाळू उपसोन नवी भरविली, आणि शुद्ध पाणी साठवावयास हौद दोन मागितले. दरबारी हसले की, "नगर एक, हौद दोन कशास?" बाई बोलिल्या, "एक धुवावयास काढिला तर रयतेने काय कोरडे ओठ चाटावे?" सबब दोन मंजूर जाहले.

मग उद्घाटनास नगरपती श्रीमंत हंबीरराव वाजतगाजत आले, आणि तयार पाणी पाहोन बहुत संतोष पावले, आणि रिवाजाप्रमाणे जलपूजन म्हणोन हळद वाहिली, कुंकू वाहिले, आणि हर्षाचे भरात गुलालाची अख्खी पाटी हौदात रिकामी केली! पाणी लालेलाल जाहले. दरबाराने टाळ्या पिटल्या. बाई पुढे धावल्या. बोलिल्या, "श्रीमंत, हे पूजन नदीचे. हे तर लोकांचे पोटात जावयाचे पाणी!" परंतु हातपाय गाळावे ही त्यांची जात नव्हे. तत्काळ रंगला हौद बंद करविला, आणि दुसरे हौदाची झडप उघडोन पंप सोडिले. जुन्या कारखान्यासारखा साठवणीचा एकच हौद असता, तर सारे नगर कोरडे पडते.

मग बाई श्रीमंतांस घेऊन वरच्या आळीस आल्या, आणि तेथील नळ वाहू लागले, आणि पाणी ऐसे की भांड्याचा तळ दिसे. तरी एक घागर लागेना, कारण लाल पाण्याची वार्ता अगोदरच पोचली होती. म्हातारी भागूबाई पुढे होऊन बोलली, "बाई, तुजा शबुद खरा. पन ज्यानं पानी रंगवलं, त्यानं आदी प्यावं." रेवतीबाईंनी तांब्या भरोन श्रीमंतांपुढे धरिला. "महाराज, ही मोहीम आता आपली." हंबीरराव बाटलीबंद पाण्यावाचून घोट घेत नसत. त्यांनी घाम पुसला, डोळे मिटले, आणि तांब्या रिता केला. मग चकित होऊन बोलिले, "गोड आहे! आणिक द्या." लोक हसले. भागूबाई मात्र हसली नाही. "बरं. आता बसा हितंच घटकाभर. बघू काय हुतंय." मग श्रीमंत दगडावर बसले, आणि अवघी आळी त्यांचे मुखाकडे पाहात राहिली, आणि घटका गेली तरी मुख पिवळे पडेना. तेव्हां भागूबाईने आपली घागर नळाखाली लाविली, आणि मागे एकच झुंबड उडाली. रेवतीबाईंस रडू आवरेना.

येणेप्रमाणे पाणी चढले, बाईंचा शब्द राहिला, वस्त्रे अंगावर राहिली. श्रीमंतांचे प्रकृतीस आराम आहे.