बाळा परबांच्या नावाचा नारळ

सुगंधाने ताटात तळलेल्या सुरमईऐवजी उकडलेलं रताळं वाढलं, तेव्हाच बोरिवलीतल्या त्या दोन खोल्यांत ठिणगी पडली.

"हे काय?" तिच्या नवऱ्याने, म्हणजे बाळा परबांनी विचारलं.

"जेवण. जानेवारीत एकवीस किलोमीटर धावायचंय मला. आतापासून पोटाला शिस्त हवी."

"धावणार तू, मग माझ्या सुरमईने काय घोडं मारलंय?"

"एका घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत."

बावन्नाव्या वर्षी सुगंधाने मॅरेथॉनचं नाव काढल्यापासून बाळाची करमणूक चालली होती. "जाताना धावत जाईल, येताना रिक्षाने येईल," असं त्याने अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. सुगंधाला ते लागलं होतं. फार लागलं होतं. आता या माणसाच्या नाकावर टिच्चून धावायचं, असं तिने ठरवूनच टाकलं.

परबांच्या घरात नारळाशिवाय काही सुरू होत नसे. फ्रिज आला तेव्हा नारळ, मुलीची, श्रुतिकाची, दहावी होती तेव्हा नारळ. त्यामुळे फॉर्म भरायच्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधून गुणाजीकाका आले. बाळाचे हे काका देवाला गाऱ्हाणं घालण्यात, म्हणजे घरच्यांच्या वतीने मोठ्याने साकडं घालण्यात, पटाईत. नवे बूट दाराबाहेर ठेवून सुगंधा हात जोडून उभी राहिली. आपल्यासाठी, एकटीसाठी, आयुष्यात पहिल्यांदाच नारळ फुटणार म्हणून तिचे डोळे भरून आले.

काकांनी डोळे मिटले. "बा देवा महाराजा! आज ह्या तुझा लेकरू, बाळा सोमा परब, एकवीस किलोमीटर धावाक निघाला हा. तेच्या पायात बळ दी, आणि तेका सुखरूप घराक आण रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठा आवाज बाळाचा होता. गाऱ्हाणं कानावर पडलं की त्याचं तोंड लहानपणापासून आपोआप उघडायचं. नारळ फुटला.

"आजोबा," श्रुतिका म्हणाली, "धावणार आई आहे."

"असांदे. गाराण्यात नाव घरकर्त्याचाच घेतत."

सुगंधाचं डोकंच फिरलं. "घाम माझा, रताळी माझी, आणि नाव यांचं?"

"अगं, देवाला कळतं सगळं," बाळा हसत म्हणाला.

"काका, देवाला दिलेला शब्द फिरवता येतो?"

"छा! नारळ फुटलो. आता शब्द फिरवूक येवचो नाय."

"ठीक. श्रुतिका, बाबांचा पण फॉर्म भर."

बाळाचं हसू तिथेच थांबलं. त्याने गुडघ्याचं कारण सांगितलं, रक्तदाबाचं सांगितलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "झकास आहात, धावा." काकांनी तर देवाचा कोप म्हणजे काय असतो याच्या गावाकडच्या तीन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवसापासून नॅशनल पार्कच्या गेटाशी पहाटे दोघं दिसू लागले. सुगंधा पुढे आणि बाळा मागे. घरी नाचणीची भाकरी, मोड आलेले मूग, केळी. एकदा पार्काबाहेरच्या गाडीवर तो वडापाव खाताना सापडला, तेव्हा सुगंधाने त्याला तिथूनच आणखी तीन किलोमीटर पळवलं.

शर्यतीच्या दिवशी चौदाव्या किलोमीटरला बाळा फुटपाथवर बसला. "वाट लागली गं माझी. रिक्षा बघ."

सुगंधाने घड्याळ पाहिलं. साडेतीन तासांत पोचलं नाही तर मेडल नाही. ती थांबली नाही, फक्त जागच्या जागी धावत राहिली.

"देवाला नाव तुमचं सांगितलंय. मी बसले तरी त्याला कळणार नाही. तुम्हाला बसता येणार नाही. उठा!"

तो उठेपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती. तीन तास बारा मिनिटांनी तिच्या गळ्यात मेडल पडलं. बाळा तीन तास अठ्ठावीस मिनिटांनी लंगडत आला, आणि तिला बघून रडला. तीही रडली, पण मेडल हातात घट्ट धरून.

दुपारी आभाराचा नारळ घेऊन गुणाजीकाका हजर. सुगंधाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"अगो, बाईमाणसान..."

"बाईमाणूस एकवीस किलोमीटर धावान इला हा, काका. गाराणा पण घालतला."

ती देवासमोर उभी राहिली. "बा देवा महाराजा! ही सुगंधा परब आज स्वतःच्या नावान गाराणा घालता. फुडच्या वर्साक मी पुरे बेचाळीस किलोमीटर धावतलंय. माझ्या पायात बळ दी. आणि माझ्या पाठसून ह्या बाळा सोमा परबाकय धावत आण रे महाराजा!"

गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेला बाळा ताडकन उठला. विरोध करायला त्याने तोंड उघडलं, आणि सवयीने, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, त्यातून निघालं, "होय महाराजा!"