पिकअपच्या पोटात ऑइल जाईना

मंडळी, ज्या माणसाने एकदा स्वतःच्या हाताने मिक्सर उघडून पुन्हा बंद केला, त्याला पिकअपच्या ॲक्सलची काय मातब्बरी! (मिक्सर त्यानंतर फिरला नाही, पण तो वेगळा विषय आहे.) म्हणून रविवारी सकाळी चहा पिता पिता मी बायकोला सांगून टाकलं, "गाडी गॅरेजला न्यायची नाही. मी आहे ना!"

गाडी तिची. म्हणजे तिच्या नर्सरीची. मी आपला विमा कंपनीत खुर्ची उबवणारा माणूस. घरामागे तिची रोपं, घरापुढे तिची पिकअप, आणि पिकअपच्या पुढच्या ॲक्सलमधून आठवडाभर ऑइल ठिबकत होतं. ऑइल अडवणारं रबरी सील गेलं होतं.

"आज ऑर्डर पोचवून येते, मग बघू की," बायको म्हणाली. "थेंब थेंब तर गळतंय."

"आणि वाटेत ॲक्सल जाम झाला म्हणजे?"

तिने घड्याळाकडे बघितलं. तिची ही पहिली मोठी ऑर्डर होती हो! नवीन हॉटेलच्या अंगणातली सगळी झाडं तिच्याकडून जायची होती. वर्षभर तिने ती पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. चारच्या आत आली नाहीत तर दुसऱ्या नर्सरीतून उचलू, असं हॉटेलवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं.

"जमेल ना नक्की?"

"अगं, व्हिडिओतला माणूस शिट्टी वाजवत करतो!"

मीही शिट्टी वाजवत सुरुवात केली. जॅक लावला, खाली भक्कम स्टँड ठेवला, चाक काढलं. खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल बादलीत सोडलं. आतला दांडा ओढला, जुनं सील उचकटलं, नवीन ठोकून बसवलं. आणि मंडळी, ते बसलं! मीच दचकलो. दांडा आत, खालचा बोल्ट घट्ट.

"झालं का हो?" मागून बायकोचा आवाज.

"झालंच!"

खोटं नव्हतं. आता फक्त वरचा बोल्ट काढून नवीन ऑइल ओतायचं होतं.

तो बोल्ट हलेना! मी पान्यावर दोन्ही हातांनी लोंबकळलो. पाय लावून रेटलं. शेवटी 'कर्र' असा आवाज आला, पण फिरला तो पाना. बोल्टाचे कोपरे झिजून पार गोटी झाली. आता पाना त्यावर टिकायचं नावच घेईना.

शेजारचे काका कुंपणावर कोपरं टेकून सकाळपासून बघत होते. "वरचा बोल्ट आधी सैल करून बघायचा असतो," ते शांतपणे म्हणाले. "तो उघडतोय म्हटल्यावरच खालून ऑइल सोडायचं. नाहीतर गाडी रिकामी ती रिकामीच."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी पुन्हा आडवा होऊन बोल्टाकडे बघतोय, तेवढ्यात वरून धप्प! पुन्हा धप्प! डोळ्यांत माती.

"काय चाललंय?" मी ओरडलो.

"गाडीत कुंड्या भरतेय!" बायको आनंदाने म्हणाली. "झालं म्हणालात ना!"

मी बाहेर आलो. निम्मी गाडी झाडांनी भरली होती. मग सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पायरीवर बसली आणि एका कुंडीतली पिवळी पानं खुडायला लागली. मला फार वाईट वाटलं. मेकॅनिकचा फोन बंद होता आणि रविवारी टेम्पो कुठून मिळणार?

आवाज ऐकून आत्या बाहेर आली. माझी आत्या आमच्याकडेच असते. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्या आवाजाने पेशंट घाबरून बरे व्हायचे.

"आत जायला दुसरी वाटच नाही का रे?"

"वर एक बारीक नळी आहे," मी रडक्या सुरात म्हणालो. "पण ती हवा जायची. त्यातून ऑइल कोण घालणार?"

"नळी आहे ना? मग गळा कशाला काढतोस!"

आत्या आत गेली आणि एनिमाचं भांडं घेऊन आली. रबरी नळीसकट!

"आत्या!"

"धुतलेलं आहे. ऑइलचा डबा गरम पाण्यात ठेव. कोमट झाल्याशिवाय उतरायचं नाही ते. आणि किती काढलंस? बादलीतलं मोजून आण. जेवढं निघालं तेवढंच आत!"

भांडं पोर्चच्या हुकाला लटकलं. मी नळ्या जोडून धरायला गाडीखाली आडवा. नेमक्या तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: वर भांडं, खाली माझे पाय, मधून माझं कण्हणं, आणि बाजूला आत्या म्हणतेय, "अंग सैल सोड. नळी ताणू नकोस!" (आत्या गाडीशीच बोलत होती.)

"अगंबाई! भावजी, काल खाल्लंत तरी काय?"

काका इतके हसले की कुंपण हललं. पायरीवर बसलेली बायकोही हसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

आत्या बोटांनी नळी दाबायची, सोडायची. "थांब, हवा निघू दे." ॲक्सलमधून गुडगुड आवाज. "हं, आता थोडं." बादलीतल्या मापाइतकं ऑइल आत गेलं, तेव्हा आत्याने बॉनेटवर थोपटलं, "झालं हं, झालं!"

मी चाक बसवलं. नट बायकोने स्वतः पुन्हा आवळून बघितले. उरलेल्या कुंड्या काका-काकूंनीही चढवल्या, आणि बायको निघाली. मी फाटकात उभा राहून फोनकडे बघत बसलो. चारला पाच मिनिटं असताना तो वाजला. "पोचले!"

संध्याकाळी ती हसत हसतच गाडीतून उतरली. हॉटेलवाल्याने दर महिन्याची ऑर्डर दिली होती!

"आणि सील?" मी कॉलर सावरली. "गळतंय का?"

"एक थेंब नाही!"

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"म्हणाला होतात," ती प्रेमाने म्हणाली. "आता काम वाढेल, तुमची मदत लागेल मला. उद्यापासून सकाळी रोपांना पाणी तुम्ही घालाल?"

"अगं, एवढंच ना!"

"एवढंच. नळ मी सोडून ठेवीन. तुम्ही त्याला हात लावू नका."