कॅमेऱ्यासमोरची ठमाकाकी

वनखात्याकडे आमच्या ठमाकाकीचे जितके फोटो आहेत, तितके तिच्या मुलाच्या लग्नातही निघाले नव्हते. बिबट्याचा एकच आहे, आणि त्यातही नुसती शेपूट.

आमचं गाव शहापूर तालुक्यातलं, अभयारण्याच्या हद्दीला चिकटलेलं. गावची वनसमिती आहे. आळीपाळीने जंगलात फेरी मारायची, पाणवठा साफ ठेवायचा, वणवा दिसला की ओल्या फांद्या घेऊन धावायचं, ही तिची कामं. मला समितीत घेतलं ते जंगलाच्या आवडीमुळे नव्हे, गावात लॅपटॉप माझ्याकडे होता म्हणून. ठमाकाकीला तर कोणी घेतलंच नाही, ती आली. काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा वाशिंदला कारखान्यात, तिकडेच त्याचा फ्लॅट. "घरात बसून काय भिंती राखू?" म्हणाली आणि बैठकीत पुढच्या रांगेत मांडी घालून बसली.

तेव्हापासून "नोंद करा" हे तिच्या तोंडी बसलं ते बसलंच. लग्नात आमटी खारट झाली, नोंद करा. मुरबाडची एसटी उशिरा आली, नोंद करा. एकदा ती हे इतक्या अधिकाराने म्हणाली की कंडक्टरने खिशातलं पेन काढलं.

रानडुकरं भाताचा सत्यानाश करतात, म्हणून कोणीतरी पाणवठ्याच्या वाटेवर ब्रेकच्या तारेचे फासे लावले होते. काकीने ते सगळे उपटून आणले, देवळासमोर दोरीवर धुणं वाळत घालावं तसे टांगले आणि जाहीर केलं, "ज्याची तार आसंल त्यानं न्यावी. माजं काय म्हननं नाय." तार कोणाची ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण त्या दिवसांत एकच माणूस ब्रेक नसलेली सायकल पाय घासत उतारावरून आणत होता. तो काही तार न्यायला आला नाही. तिच्या स्वतःच्या भुईमुगात डुकरं शिरली तेव्हा मात्र ती बांधावर उभी राहून एका डुकरिणीला सुनावत होती, "तुजी आयपन अशीच खादाड व्हती."

मग आला कॅमेरा. आमचा वनरक्षक तरुण पोरगा, कामाचा भारी उत्साह. पाणवठ्याच्या वाटेवर ऐनाच्या झाडाला त्याने पट्ट्याने एक डबी बांधली आणि सांगितलं, इथून जो जाईल त्याचा आपोआप फोटो निघतो. काकीने हे मन लावून ऐकलं.

काही दिवसांनी समाजमंदिरात माझ्या लॅपटॉपवर फोटो पाहायला सगळं गाव लोटलं. पहिला फोटो काकी. दुसरा काकी, ठेवणीतल्या लुगड्यात. मग काकी शेळीसकट. मग साळिंदराची पाठ, आणि पुन्हा काकी, यावेळी नथ घालून. तोंड प्रत्येक वेळी उघडंच. शेवटी कधीतरी ती शेपूट आली. "बघा," काकी म्हणाली, "तोंड दाखवाया लाजतो. मी लाजते का?"

वनरक्षकाने हात जोडले. "काकी, जरा दुसऱ्या वाटेने जात जा ना. कार्ड भरतंय."

"ही वाट माज्या सासऱ्याच्या येळची हाये. बिबट्याला सांग दुसरीकडनं जायला."

अखेर वरून हुकूम आला, कॅमेरा डोंगरापलीकडच्या झऱ्यावर हलवा. बैठकीत हे सांगताच काकी उठून उभी राहिली. "नाय न्यायचा. गावाचा हाये तो." इतर वेळी पाच मिनिटं तणतणून हसायला लागणारी बाई त्या दिवशी हसली नाही. आम्ही मात्र हसलो. म्हातारपणी फोटोचं वेड लागलंय, असं ठरवून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा काढायला वनरक्षकाबरोबर मी गेलो. वळणावर आवाज आला म्हणून आम्ही थबकलो. काकी ऐनासमोर उभी होती आणि त्या डबीशी बोलत होती. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, बोकड एकपन नाय. गुडघा रात्रभर ठणकला. पोराचा फोन नाय, कामात असंल. मग जरा थांबली, पदर नीट केला आणि पुन्हा सुरू झाली. प्रत्येक फोटोत तिचं तोंड उघडं का असतं, ते मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

वनरक्षक खाकरला. हळूच म्हणाला, "काकी, यात आवाज येत नाही हो. नुसते फोटो."

"ठावं हाये," ती अजिबात न दचकता म्हणाली. "म्हनून तर बोलते. गावात बोललं का सांजपावेतो फिरून माज्याच दारात येतं. घरात एकटी बोलले तं येडी म्हनतील. हितं मी डूटीवर हाये."

त्याला पट्टा सोडवेना. शेवटी काकीनेच सोडवून दिला. "जा घेऊन. तिकडं तरी बिबट्याचं तोंड निघू दे."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात उभा राहिलो. "काकी, चल फेरीला."

"आज तुजी पाळी नाय."

"नसू दे."

ऐनापाशी आल्यावर सालीवर पट्ट्याने पडलेला वळ तिने बोटाने चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मधीच बोलशील."

"नाही बोलणार."

ती खाली दगडावर बसली.

"तुजं काका गेलं, तरी हात रोज दोनच भाकऱ्या थापतो," ती म्हणाली. "एक उरते. शेळीला घालते. आज पयल्यांदा एकच केली, आन् तीपन जाईना रे."

मी मध्ये बोललो नाही.