पोलादी दूताचं माप

ज्योतिबा शिंत्र्यांचा उजवा हात चिलखतात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. पुढे जाईना की मागे येईना.

"जोर लावा की हो," मधुकरराव सबनीस म्हणाले.

"जोरच लावतोय! हे चिलखत आहे का उंदराचा पिंजरा?"

चामराजपेटेत उपेंद्र गलगलींच्या घराच्या मागच्या अंगणात हे चाललं होतं. मंगळवारची संध्याकाळ होती, आणि रविवारी दुपारी तीन वाजता बंगळूरच्या मराठी मंडळींच्या हौशी नाट्यमंडळाचा वार्षिक प्रयोग होता. रशियाचा माणूस आकाशात जाऊन आल्याला सहा महिने झाले होते. तेव्हापासून मंडळाचे चिटणीस मधुकरराव यांना पौराणिक नाटकं मिळमिळीत वाटू लागली होती. म्हणून त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. शुक्रावरून एक पोलादी दूत पृथ्वीवर उतरतो, माणसांना तीन प्रश्न विचारतो आणि निराश होऊन परत जातो, असं त्याचं कथानक. दूताचं काम अर्थातच ज्योतिबांकडे. विमा कचेरीतला हा अधिकारी अकरा वर्षं मंडळाचा नायक होता आणि त्याचा आवाज शेवटच्या रांगेत खुर्ची हलवील असा होता.

चिलखत करायचं काम, तेही अर्थातच, उपेंद्रकडे.

उपेंद्र मूळचा जमखंडीचा. विमानांच्या कारखान्यात पत्रा विभागात होता. वय एकेचाळीस, अंगानं काडी. मंडळात आला त्या वर्षी त्यानं मधुकररावांना भीतभीत सांगितलं होतं, "मला काम करायचंय." मधुकररावांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले होते. "उपेंद्रराव, हे हात सोन्याचे आहेत! ते रंगमंचावर वाया घालवायचे?" तेव्हापासून हे सोन्याचे हात पडदे रंगवत होते, पुठ्ठ्याचे राजवाडे उभे करत होते आणि विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करत होते. अकरा वर्षांत त्यानं अकरा नाटकं शब्दन्‌शब्द पाठ केली होती. नायकाची, खलनायकाची, दासीचीसुद्धा. बायको शुभदा तिसऱ्या रांगेत बसायची. तिला नाटकभर त्याचं फक्त एक कोपर दिसे. ती ते बघत बसे.

चिलखताला त्यानं सहा आठवडे घेतले होते. बाजारातून तेलाचे रिकामे डबे आणले, ते कापून सरळ केले. सायकलच्या मडगार्डांचे खांदे केले. डोळ्यांच्या जागी चहाची दोन गाळणी बसवली. शिरस्त्राणासाठी घरातलं दुधाचं पातेलं गेलं. ते गेलं हे शुभदाला दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला दारात उभा असताना कळलं. पत्र्याच्या कडा टोचू नयेत म्हणून तिनंच आतून जुन्या गोधडीचं अस्तर शिवून दिलं. रिव्हेट मारायला गल्लीतला मल्लाप्पा यायचा. तो निपाणीकडचा. त्याचं डबे-बादल्या दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावरच होतं.

आणि आता ते चिलखत ज्योतिबांच्या कोपराशी थांबलं होतं.

शुभदानं वाटीभर खोबरेल तेल आणून त्या फटीत ओतलं. मल्लाप्पानं चिलखत धरलं, मधुकररावांनी ज्योतिबांना धरलं. "श्वास स्वल्प आत घ्या, अण्णा," मल्लाप्पा म्हणाला. हात सुटला तो इतका अचानक की मधुकरराव तुळशीपाशी जाऊन बसले.

"माप घेतलं होतंस का माझं?" ज्योतिबा दंड चोळत म्हणाले.

"घेतलं होतं. वहीत लिहिलंय," उपेंद्र म्हणाला. वहीत खरंच लिहिलं होतं: छाती चव्वेचाळीस.

मधुकररावांनी शुभदाची शिवणाची टेप मागून घेतली आणि चिलखताला आतून लावली. "छत्तीस," ते म्हणाले. पुन्हा लावली. "छत्तीसच. उपेंद्रराव, हे माप कुणाचं?"

उपेंद्र चिलखताकडे बघू लागला, जणू ते काही सांगेल. त्याला खरोखर माहीत नव्हतं. सुरुवात त्यानं चव्वेचाळीसनंच केली होती. पण घालून बघायला घरात त्याच्याशिवाय दुसरं अंग नव्हतं. रोज कारखान्यातून आल्यावर तो ते अंगावर चढवायचा, कुठं ढिलं वाटलं की काढून दोन हातोडे मारायचा, परत चढवायचा. सहा आठवडे.

"यांचं," शुभदा म्हणाली. तिनं ते इतक्या हळू सांगितलं, की सगळ्यांना ऐकू गेलं.

ज्योतिबांचा चेहरा लाल झाला. नवं करायला वेळ नव्हता. मधुकररावांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "उपेंद्ररावांना सगळं पाठ आहे. उभं राहू दे त्यांनाच."

उपेंद्रच्या हातातला हातोडा खाली पडला.

"उभं राहू दे की," ज्योतिबा म्हणाले. "पण बोलणार कोण? या आवाजात? दूत शुक्रावरून आलाय, का रेशनच्या दुकानातून? मी विंगेतून बोलतो. यानं आत उभं राहून नुसते हात हलवायचे. आवाज माझा, पत्रा त्याचा."

"वा!" मधुकरराव म्हणाले. "झकास तोडगा!"

उपेंद्रनं हातोडा उचलला. "सरी," तो म्हणाला. "बरं. हात हलवतो."

त्या रात्री तो जेवला नीट, पण शुभदानं आमटी वाढली तेव्हा त्यानं डाव्या हातानं बसायचा पाट घट्ट धरून ठेवला होता, हे तिला दिसलं.

रविवारी पडद्यामागे वेश चढवताना डाव्या खांद्याची कडी तुटली. घंटा व्हायला दहा मिनिटं होती. मल्लाप्पा नाटक बघायला आला होता. त्याच्या पिशवीत हातोडी होती, रिव्हेट होते. त्यानं उपेंद्रला आत ठेवूनच खांद्यावर चार रिव्हेट ठोकले.

"काढायचं कसं?" आतून आवाज आला.

"कातर दुकानात आहे, अण्णा. नाटक झाल्यावर बघू."

शिरस्त्राणाची कड खांद्याच्या पत्र्याखाली जात होती. म्हणजे आता तेही निघणार नव्हतं.

पहिला अंक बरा झाला. ज्योतिबा विंगेत, प्रॉम्प्टरच्या स्टुलावर, पुस्तक उघडून बसले होते आणि गडगडाटी आवाजात दूताचे प्रश्न विचारत होते. उपेंद्र हात हलवत होता. दुसऱ्या अंकात दूताचं मोठं भाषण होतं. त्याआधी, मधुकररावांच्याच सूचनेप्रमाणे, सगळे दिवे गेले आणि शुक्राचा निळा प्रकाश आला. तो फक्त रंगमंचावर आला. विंगेत मिट्ट काळोख झाला आणि ज्योतिबांना पुस्तक दिसेनासं झालं.

अकरा वर्षं नायकाचं काम करताना ज्योतिबांनी कधी भाषण पाठ केलं नव्हतं. गरजच नव्हती, विंगेत उपेंद्र असायचा. आज विंगेत ज्योतिबा होते आणि उपेंद्र निळ्या प्रकाशात हात वर करून उभा होता.

हात वर राहिला. पाचेक सेकंद गेले. कुणीतरी खोकलं.

उपेंद्रनं जे केलं ते ठरवून केलं नाही. समोरचा अडला की पहिले शब्द कुजबुजायचे, ही अकरा वर्षांची सवय होती. "पृथ्वीच्या लेकरांनो," तो विंगेकडे तोंड करून कुजबुजला.

पण ती कुजबुज पातेल्यात होती. ती घुमली, चहाच्या गाळण्यांतून बारीक होऊन बाहेर पडली आणि सभागृहभर पसरली. माणसाच्या तोंडून असा आवाज कुणी ऐकला नव्हता. पुढच्या रांगेतलं एक मूल आईला बिलगलं. सगळं चिडीचूप झालं.

उपेंद्रला ती शांतता ऐकू आली. तो प्रेक्षकांकडे वळला.

"आम्ही तुमची राज्यं न्यायला आलो नाही," तो म्हणाला. "आमच्या लोकी सारं काही आहे. फक्त तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारीत नाही. तुमच्याकडे मारतात, असं ऐकून इतक्या दुरून आलो."

मधुकररावांनी ही वाक्यं घाईत, कागद भरायला म्हणून लिहिली होती. त्यांत असं काही असेल हे त्यांनाच माहीत नव्हतं. ते विंगेत तोंड उघडून उभे राहिले. तेवढ्यात ज्योतिबांना सूर सापडला. ऐकलेलं वाक्य ते अर्ध्या क्षणानं मागून गडगडाटात म्हणू लागले. पुढे बारीक आवाज, मागे मोठा. भाषण संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात.

"काय तो प्रतिध्वनी!" प्रमुख पाहुणे शेवटी म्हणाले. "साक्षात अंतराळ! कुठं आहेत ज्योतिबा शिंत्रे?"

ज्योतिबा विंगेतून आले. ते दूताच्या शेजारी उभे राहिले, लवले, आणि हार त्यांच्या गळ्यात पडला. उपेंद्रनं शिरस्त्राणाला दोन्ही हातांनी वर ढकलून पाहिलं. लोकांना वाटलं, दूत नमस्कार करतोय. पुन्हा टाळ्या झाल्या.

"आणि चिलखत," मधुकरराव ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आपल्या उपेंद्र गलगलींचं. हात सोन्याचे!"

मंडळी कॉफी-उप्पिट्टाला गेली. जाता जाता मधुकररावांनी चिलखतावर टकटक केलं. "उपेंद्रराव, तेवढ्या खुर्च्या बघून मग या हं." मागे तिसऱ्या रांगेतून एकटी शुभदा आली.

"चला," ती म्हणाली.

जटक्यात चिलखत मावलं नाही. जटकेवाला म्हणाला, घोडा बुजतो. मग तिघं चालत निघाले: पुढे मल्लाप्पा, मागे शुभदा, मध्ये शुक्रलोकीचा दूत. पाच वाजले होते, उन्हं तिरपी झाली होती आणि पत्रा लखलखत होता. दीड मैल चालून चामराजपेट आलं तोवर मागे पन्नासेक माणसं जमली होती. मल्लाप्पाच्या दुकानाशी फुलवाली यल्लव्वा टोपली घेऊन बसली होती. ती उठूनच उभी राहिली.

"ओळगे यार इदारे?" तिनं विचारलं. आत कोण आहे?

दुपारपासून हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उपेंद्र थांबला.

"नानु उपेंद्र," पातेल्यातून आवाज आला. "उपेंद्र गलगली. जमखंडीचा."

"माताडतैते!" गर्दी ओरडली. बोलतंय! मग सगळे मागेच लागले, अजून बोल. उपेंद्र दुकानाच्या पायरीवर चढला आणि त्यानं दूताचं भाषण पहिल्यापासून म्हटलं. मराठी कुणाला कळत नव्हतं. कुणी हललं मात्र नाही. यल्लव्वानं टोपलीतला एक गजरा काढून त्याच्या पत्र्याच्या मनगटात अडकवला.

मल्लाप्पानं कातर आणली. चार रिव्हेट तुटले, शिरस्त्राण वर आलं, आणि आतून घामानं निथळलेलं, कपाळावर पातेल्याचा वळ उमटलेलं, टक्कल पडत आलेलं डोकं बाहेर आलं.

गर्दी क्षणभर बघत राहिली.

"अय्यो," यल्लव्वा म्हणाली, "मनुष्यने!" माणूसच की! ती टोपलीपाशी जाऊन बसली. गर्दीही पांगली. दोन मिनिटांत पायरीसमोर फक्त एक शेळी उरली.

उपेंद्र पायरीवर बसला. मल्लाप्पा पत्रे गोळा करू लागला. शुभदानं दुकानातलं लोखंडी स्टूल ओढलं आणि ती नवऱ्याच्या समोर, अगदी पुढच्या रांगेत बसावं तशी बसली.

"परत म्हणा की ते," ती म्हणाली.

"आता कशाला?"

"तिथं दोन आवाज होते, इथं गलबला होता. मला तुमचा ऐकायचाय. नुसता."

त्यानं तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. "पत्र्याशिवाय जमायचं नाही गं," तो म्हणाला. "कुणी बघत असलं की..."

"मग मी डोळे मिटते," शुभदा म्हणाली. "मिटले बघा."

उपेंद्रनं तिच्या दिशेला पाहिलं. शिरस्त्राणात मावत नव्हता म्हणून त्याचा चष्मा दुपारपासून तिच्या पिशवीत होता, आणि समोर त्याला फक्त एक जांभळी, पुसट आकृती दिसत होती. त्यानं घसा साफ केला. बारीक, जरा कापऱ्या आवाजात तो बोलू लागला. दुसऱ्या वाक्याला आवाज स्थिरावला, आणि तिसऱ्याला त्यानं हातही उचलला.

शुभदा पिशवी मांडीवर घट्ट धरून, डोळे मोठे करून बघत होती.