ढोलीतल्या अध्यक्षीणबाई

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. ओढा होता, उंबराची झाडं होती, वाघ होता आणि वाघाची भीतीही होती. फक्त मादी व पिल्ले हक्क संरक्षण मंडळ नव्हतं.

मग शेजारच्या जंगलातला हत्ती पाहुणा आला. बांबू चघळता चघळता म्हणाला, "आमच्याकडे विभागीय मंडळ झालं. तुमच्याकडे अजून नाही?"

वाघमहाराजांना भारी लाज वाटली. एवढी लाज त्यांना हरणाचं पाडस खातानाही कधी वाटली नव्हती.

"उद्याच्या उद्या मंडळ!" ते गरजले. "आणि अध्यक्ष मादीच हवी. हत्तीकडे तशीच आहे."

प्रधान होता साळिंदर. तो मादी शोधायला निघाला. वाघीण म्हणाली, मला शिकारीतून सवड नाही. माकडीण एका पायावर तयार होती, पण ती बोलते फार, असं माकडाचं मत पडलं. शेवटी साळिंदराला अनसूया धनेशीण आठवली.

धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? नसेल तर ऐका. अंडी घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. कशानं लिंपते? चिखलानं, आणि आणखी एका वस्तूनं, जी मी तुम्हाला जेवायच्या वेळी सांगणार नाही. चोच बाहेर निघेल एवढीच फट ती ठेवते. मग आत तिची पिसं झडतात. बाहेरून नवऱ्यानं उंबरं आणायची आणि फटीतून भरवायची. तो आला नाही, तर आत सगळ्यांना उपास.

"आदर्श माता!" साळिंदर म्हणाला. "शिवाय बैठकीला येऊन बोलण्याचा प्रश्नच नाही."

तिच्या नवऱ्याचं नाव केरबा. बातमी घेऊन तो धापा टाकत फटीशी आला.

"अगं, तू अध्यक्ष झालीस!"

"मी? अहो, मला इथून हलता येत नाही."

"हलायचंय कुणाला? तू फक्त अध्यक्ष राहा. बाकीचं मी बघतो."

"बघा बापडे. उंबरं आणलीत का?"

"आणतो की. आधी शपथविधीला जाऊन येतो."

"शपथ माझीच ना?"

"तुझीच. मी घेतो."

आणि केरबानं ती घेतली. छान घेतली. 'मी, अनसूया,' म्हणताना तो जरासुद्धा अडखळला नाही. मग तो अध्यक्षांच्या खुर्चीत बसला. अध्यक्षांचे यजमान म्हणून बसला, पण खुर्चीला तो फरक कळला नाही.

पुढे सत्कार सुरू झाले. या जंगलात सत्काराला उंबरांचा हार घालतात. मोरांनी घातला, कोल्ह्यांनी घातला, सशांनी तर घाबरून दोनदा घातला. केरबाचा केरबाभाऊ झाला, केरबाभाऊचे केरबासाहेब झाले. गळ्यातलं उंबर तोडून घरी नेणं आता शोभेना.

इकडे ढोलीत दोन पिल्लं दिवसभर आ वासून बसलेली. अनसूया फटीतून चोच काढून वाट बघायची. वरच्या फांदीवर शेकरूकाकू राहायच्या. त्या येताजाता एखादं उंबर टाकायच्या.

"मी तरी किती पुरी पडणार गं? माझी पोरंही बकासुर आहेत," काकू म्हणाल्या. "तू तक्रार का करत नाहीस? तुझंच तर मंडळ आहे."

"काकू, तुम्हीच जाऊन सांगा ना."

काकू उड्या मारत मंडळात गेल्या आणि साळिंदराच्या कानात सगळं सांगितलं. साळिंदराचे काटे उभे राहिले. मंडळाची ही पहिलीच तक्रार होती!

"साहेब," तो केरबाला म्हणाला, "एका मादीला नवरा खायला आणून देत नाही. पिल्लं उपाशी आहेत."

केरबाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "कोण हा निर्दय नर?"

"अहो साहेब, तो तर..." काकू पुढे सरसावल्या.

"गप्प!" साळिंदर ओरडला. "पीडितेचं नाव गुप्त ठेवायचं, असा नियम आहे. नवऱ्याचं कळलं की तिचंही कळतं."

नियम चांगला होता, बाळांनो. काकूंच्या तोंडावर त्यांचीच शेपटी दाबून तो पाळण्यात आला. केरबानं जोरदार भाषण केलं आणि शेवटी ठरलं, की अशा नरांचं काय करावं हे पाहायला हत्तीच्या जंगलात अभ्यासदौरा काढावा.

दौऱ्याला अध्यक्षांची संमती लागते. म्हणून केरबा बऱ्याच दिवसांनी फटीशी आला.

"काय एकेक नवरे असतात, अगं! एक बिचारी उपाशी..."

"अहो, ती मीच."

केरबा हसला. "तू? तू तर अध्यक्ष आहेस. अध्यक्ष कधी पीडित असते का? बरं, संमती आहे असं धरतो." आणि तो उडाला.

अनसूयेला रडावं की ओरडावं, कळेना. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की धाकटं पिल्लू ओरडायचं थांबलंय. पिल्लांना पंख फुटेपर्यंत दार फोडायचं नाही, असं तिच्या आईनं बजावलं होतं. पण आईचा नवरा साहेब झाला नव्हता.

तिनं चोच उगारली आणि लिंपण फोडायला घेतलं. खपल्या उडाल्या. शेवटी ती बाहेर पडली. खरोखर पडलीच, कारण नवी पिसं अर्धवट आली होती.

"काकू, पोरांकडे बघा!" असं ओरडून ती तुरुतुरु मंडळाकडे निघाली. तिथे दौऱ्याचा निरोपसमारंभ रंगात आला होता. दारावर रानडुक्कर.

"कोण पाहिजे?"

"मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्ष आत आहेत. साहेब म्हणतात त्यांना."

त्याच्या पायांमधून ती आत घुसली. साळिंदर म्हणाला, "बाई, तक्रार असेल तर अध्यक्ष दौऱ्यावरून आल्यावर या."

अनसूया थेट खुर्चीपाशी गेली आणि केरबाच्या गळ्यातले हार ओढू लागली.

"अगं, तू?" केरबा किंचाळला. "आणि पिल्लांकडे कोण?"

"तुम्ही. चला!"

सगळे हार चोचीत धरून ती निघाली. मागून मान खाली घालून साहेब, म्हणजे केरबा. धाकट्यानं पहिलं उंबर कसंबसं गिळलं, दुसरं पटकन गिळलं, आणि तिसऱ्याला असं काही कोकललं की काकू फांदीवरून घसरल्या. अनसूयेला तेव्हा कुठे रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मंडळानं जाहीर केलं: 'मंडळाच्या पहिल्याच प्रयत्नाला यश. उपाशी मादीची ढोलीतून सुटका.' त्याबद्दल केरबासाहेबांचा सत्कार झाला. हाराला उंबरं उरली नव्हती, म्हणून पाल्यावर भागवलं. मग माद्यांच्या सुरक्षिततेसाठी यापुढे ढोलीचं लिंपण दुप्पट जाड असावं, असा ठराव अध्यक्षांच्या वतीनं केरबासाहेबांनी मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला.

अध्यक्ष सभेला नव्हत्या. त्या उंबरं आणायला गेल्या होत्या.

तात्पर्य: अध्यक्षपद बाईलाच द्यावे. फक्त ती आणि खुर्ची यांच्यामध्ये एक भक्कम भिंत असू द्यावी. याहून वेगळे तात्पर्य कुणाला सापडल्यास मंडळास कळवावे. नाव गुप्त ठेवले जाईल.