कपाटातलं वाचन

"अहो, कपाटात आहातच तर वरच्या फळीवरची माझी शाल द्या," काकू बाहेरून म्हणाल्या, आणि पान चाळीसवरचा खून पुन्हा एकदा लांबणीवर पडला.

भोंगेकाकांनी दार किलकिलं करून शाल बाहेर सरकवली, दार ओढून घेतलं आणि खाडकन टाळी वाजवली. चुकलं किंवा थांबलं की एक टाळी वाजवायची, पुन्हा सुरू करताना दुसरी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं, म्हणजे मागाहून कॉम्प्युटरवर कापायची जागा बरोबर सापडते, असं त्यांना ग्रंथपालबाईंनी शिकवलं होतं. मग टाळीपासून टाळीपर्यंतचा भाग न ऐकताच उडवायचा. काकांना ही युक्ती इतकी आवडली की आपल्या आयुष्यातही अशी सोय असती तर काय बहार झाली असती, असं त्यांना वाटून गेलं.

संस्था लहानशी होती. दोन खोल्या, एक ग्रंथपालबाई आणि दहा-बारा स्वयंसेवक. स्वयंसेवकांनी पुस्तकं पानांच्या आकड्यांसकट वाचून रेकॉर्ड करायची, बाईंनी ती मेमरी कार्डांवर भरायची आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा दोनशे चौदा श्रोत्यांना पोस्टाने पाठवायची. स्टुडिओ म्हणाल तर ज्याने त्याने आपल्या घरी बघून घ्यायचा. रजया आणि लोकरी कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटात आवाज घुमत नाही, म्हणून काका रोज दुपारी दोन ते चार कपाटात जात.

त्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर माइकवरून घोषणा केल्या होत्या. 'भोंगेकाका' हे नाव तिथलंच. लोक त्यांच्या आवाजाकडे कान देत, पण आपली गाडी किती उशिरा आहे हे कळेपर्यंतच. त्यापुढचं "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत" हे वाक्य, ज्यात काका जीव ओतत, ते आजवर एकाही प्रवाशाने ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं भोंग्याशेजारी बसून त्यांचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा जेमतेम चालत होता. आपलं कोणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच इच्छा घेऊन ते निवृत्त झाले होते.

संस्थेत मात्र कोणालाही उचलून वाचायला बसवत नसत. पहिलं पुस्तक परीक्षेचं असे. तेही श्रोत्यांना जाई, पण पुढचं वाचायला द्यायचं की नाही हे परीक्षक ठरवत, आणि परीक्षक होते मास्तर. मास्तर स्वतः जन्मापासून अंध. हयातभर त्यांनी गणित शिकवलं आणि आता संस्थेचं ऐकण्याचं काम बघत होते. आजवर त्यांनी सात वाचक नापास केले होते. त्यांतला एक नाटकात कामं करणारा होता. "श्रोत्याच्या आधी हाच रडतो," एवढाच शेरा देऊन मास्तरांनी त्याला घरी पाठवला होता.

तर काकांनी तीनशे पानांची रहस्यकथा पाच आठवड्यांत वाचून संपवली. काटछाट न केलेलं रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर, कापून साफ केलेलं दुसऱ्यावर. दोन्ही पेन ड्राइव्ह एकसारखे काळे, म्हणून त्यांवर 'कच्चं' आणि 'पक्कं' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. 'पक्कं' त्यांनी सोमवारी ग्रंथपालबाईंच्या हातात दिलं. बाईंनी पहिलं मिनिट ऐकलं, "वा काका, आवाज काय खणखणीत लागलाय!" म्हणाल्या आणि काका तरंगतच घरी आले.

बुधवारी ते जमिनीवर आले. 'कच्चं' पुसून टाकावं म्हणून त्यांनी ते कॉम्प्युटरला लावलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःचाच आवाज, एक टाळी नाही की एक अडखळणं नाही.

"अगं, या चिठ्ठ्यांना तू हात लावलास का?"

"निघत आल्या होत्या," काकू म्हणाल्या. "कपाट पुसताना पडल्या. मी नव्या गोंदानं घट्ट बसवल्या. आता जन्मात निघायच्या नाहीत."

"कुठली कशावर बसवलीस?"

"एक एकावर, दुसरी दुसऱ्यावर. का?"

काकांनी पायांत चपला सरकवल्या आणि तडक संस्था गाठली. ग्रंथपालबाई रिकाम्या टेबलाशी समाधानाने बसल्या होत्या.

"ताई, माझं पुस्तक..."

"गेलं की! सकाळीच सगळी पाकिटं पोस्टात टाकली. मास्तरांचं कार्ड मात्र मी सोमवारी स्वतः नेऊन दिलं. तुमच्या परीक्षेचं काम, उगाच उशीर नको."

खरं सांगून मोकळं व्हावं, असं काकांना दारापर्यंत जाईस्तोवर दोनदा वाटलं. पण सांगितलं की संपलं. त्यापेक्षा मास्तरांनी ऐकायच्या आत कार्ड बदलावं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. मास्तर म्हणजे कामाचा माणूस, त्यांच्याकडे आधीची पुस्तकं साचलेली असणार. घरी येऊन त्यांनी साफ रेकॉर्डिंग नव्या कार्डावर भरलं, ते खिशात टाकलं आणि मास्तरांच्या जिन्यावर स्वतःशी एक योजनाही केली. आपण संस्थेचे कोणीतरी आहोत असं सांगायचं, कार्ड सदोष निघालं म्हणायचं, बदलून द्यायचं आणि सटकायचं.

मास्तरांनी दार उघडलं.

"नमस्कार," काका शक्य तितक्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी ग्रंथालयातून आलोय. ते नव्या पुस्तकाचं कार्ड जरा..."

"या, या, बसा," मास्तर म्हणाले. "चष्मा सापडला का?"

"कुठला चष्मा?"

"पान त्रेपन्नवर हरवला तो. तुमच्या मंडळी फ्रिजमध्ये बघा म्हणत होत्या. पुढे तुम्ही सरळ वाचायला लागलात, त्यामुळे आम्हाला काही कळलं नाही."

काका खुर्चीत बसले म्हणण्यापेक्षा खुर्चीत पडले. ज्या माणसाने आयुष्यभर माणसं आवाजावरून ओळखली, त्याच्यापुढे आपण आवाज बदलून उभे राहिलो, ही अक्कल त्यांना आत्ता सुचत होती.

"फ्रिजमध्येच होता," ते आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले.

"वाटलंच. बरं, पान एक्क्याऐंशीवर तुम्ही बिस्किटं खाल्लीत. तीन. साखरेचा त्रास आहे ना तुम्हाला?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मंडळींनी. पान साठवर. आणि डॉक्टर तुम्हाला ओरडले ते पान एकशे पाचवर."

"मास्तर, चूक झाली," काका म्हणाले. "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली हो. हे बघा, साफ केलेलं आणलंय. यात घरातला एकही आवाज नाही. हे ऐका आणि मग काय तो निकाल द्या. नापास केलंत तरी चालेल, पण माझं वाचन ऐकून करा."

मास्तरांनी ते कार्ड घेतलं, बोटांनी चाचपलं आणि टेबलावर ठेवलं.

"खरं सांगू? राग मानू नका. तुमचं वाचन शुद्ध आहे. पण शुद्ध वाचन आता यंत्रही करतं, माझ्या फोनमध्येच आहे एक. ते कंटाळत नाही, खोकत नाही. हा खून मी त्याच्याकडून एका दिवसात ऐकून मोकळा झालो असतो. परवा रात्री जेवणं झाल्यावर पहिली दहा पानं ऐकून मी तुमच्या नावापुढे शून्य मांडायला निघालो होतो."

काकांनी मान खाली घातली.

"आणि तुम्ही टाळी वाजवून थांबलात तेवढ्यात मागून तुमच्या मंडळी म्हणाल्या, 'दुधात विष घातलं तर दूध नासणार नाही का?' मी उठून बसलो! अहो, मलाही तीच शंका होती. तुम्ही काही उत्तर दिलं नाहीत."

"मला ऐकूच आलं नाही," काका म्हणाले. "हा कान गेलाय, आणि कपाटाचं दार बंद असतं. शाल मागायला ती ओरडते तेवढंच कळतं."

"म्हणजे बाकीचं काहीच ऐकलं नाहीत? कापतानासुद्धा?"

"टाळ्यांच्या मधलं कोण ऐकतं? उडवायचंच असतं ते."

मास्तरांनी कार्ड वाजवायचं यंत्र जवळ ओढलं आणि बटणं दाबत दाबत एका जागी थांबले. "पान दोनशे सहा. तुम्ही फार वेळा अडखळलात आणि वैतागलात. ऐका."

यंत्रातून आधी टाळी आली. मग काकांचा त्रासलेला आवाज: "जाऊ दे. कोण ऐकणार आहे? तीस वर्षांत कोणी ऐकलं नाही, आता काय ऐकतायत." मग पुस्तक मिटल्याचा आवाज, मग नुसती शांतता. आणि मग दाराच्या पलीकडून, अगदी जवळून, दाराला टेकून बसल्यासारखा काकूंचा आवाज: "मी ऐकतेय ना. थांबलात का? त्या पुतण्याचं पुढं काय झालं?"

थोडा वेळ गेला. काकू पुन्हा हळूच म्हणाल्या, "बरं, विश्रांती घ्या. उद्या वाचा. मी बसते दुपारी." दुसरी टाळी वाजली आणि काकांचं वाचन जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू झालं.

दोन ते चार ही काकूंची झोपायची वेळ. रोज दुपारी आपण कपाटात गेलो की ती निवांत पडते, अशी काकांची पक्की समजूत होती. पाच आठवडे ती दाराबाहेर बसली होती आणि आपण तिला टाळीपासून टाळीपर्यंत कापून टाकत होतो, हे कळल्यावर त्यांना भरून आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"पास," मास्तर म्हणाले. "नाक शिंकरून घ्या. पण एक अट आहे. टाळ्या काढा, मंडळींना काढू नका. अर्थात त्यांना विचारून. आपण इतके दिवस त्यांच्या परवानगीशिवाय ऐकतोय, हे काही बरोबर नाही."

घरी आल्यावर काकांनी काकूंना सगळं सांगितलं. सांगताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, म्हणजे पळायची वेळ आली तर सोपं जावं.

"अगंबाई!" काकू मटकन बसल्या. "सगळ्यांना गेलं?"

"दोनशे चौदा जणांना."

"तुमच्या बिस्किटांचं?"

"तेही."

"आणि ते दुधाचं? नासण्याचं?"

"गेलं. मास्तरांना पटलं म्हणे. त्यांनाही तीच शंका होती."

"बघा!" काकू एकदम ताठ बसल्या. "गणितातला माणूस आहे तो. तुम्हाला कधी सुचलं का?"

आठवडाभरात संस्थेच्या फोनला उसंत मिळेना. खून कोणी केला यावर कोणी अवाक्षर काढलं नाही, पण मागून बोलणाऱ्या बाईंचं पुढचं पुस्तक कधी, असं एकोणीस जणांनी विचारलं. एका आजींनी काकांच्या साखरेसाठी कारल्याचा उपाय कळवला. ग्रंथपालबाईंनी गोंधळून काकांना बोलावलं, सगळा प्रकार ऐकून पोट धरधरून हसल्या आणि स्वयंसेवकांच्या यादीत काकांच्या नावाखाली काकूंचंही नाव लिहिलं.

पुढच्या सोमवारी दुपारी दोन वाजता काका नवं पुस्तक घेऊन कपाटात शिरले. काकूंनी खुर्ची आणली, वाटाण्याच्या शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेतलं आणि कपाटाचं दार सताड उघडं ठेवून समोर बसल्या.

"हे कशाचं?"

"प्रवासवर्णन."

"कोण मरतं यात?"

"कोणी नाही."

"मग तीनशे पानं करतात काय?"

"चालतात."

"बरं," काकू शेंग सोलत म्हणाल्या. "वाचा. पण जरा मोठ्यानं वाचा, इथं नीट ऐकू येत नाही."

तीस वर्षांत अशी मागणी काकांकडे पहिल्यांदाच आली होती. त्यांनी घसा साफ केला आणि पहिलं पान उघडलं.