मॉनिटरवरचं धुकं

मिलच्या फोल्डिंग खात्यात प्रतापरावांनी सव्वीस वर्षं कापडातले दोष शोधले. मिलला टाळं लागलं आणि विजय नगरातल्या एका छोट्या ऑफिसात ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे दोष शोधू लागले. महिनाभर काम पाहून मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. आज महिना भरत होता, आणि अकराला ग्राहक यायचा होता.

ऑफिसातल्या प्रोग्रामर शिखाच्या प्रोग्राममधलं एक बटण त्यांना जरा तिरकं वाटलं. दोष दिसला की कापडावर खडूने गोल करायचा, ही हाताची सवय. खिशातला खडू कधी निघाला हे त्यांनाही कळलं नाही. मॉनिटरच्या काचेवर गोल! घाबरून त्यांनी तो अंगठ्याने पुसला, तर पांढरट फराटा पसरला. ते फडकं आणायला पळाले.

तेवढ्यात शिखा येऊन बसली. "अरे यार! मी बटणाला सावली दिली होती. हे धूसर कसं झालं?"

मालक उदयसिंह मागे येऊन उभे राहिले. "प्रोग्रामलाच विचार ना, कोणता इफेक्ट लागलाय म्हणून."

"तेच विचारलं, सर. इफेक्टचा प्रकार तपासायची ओळ कोडमध्ये टाकली. तो म्हणतो सावलीच आहे, धूसर नाहीच."

"झूठ बोलतोय! समोर दिसतंय ना! काढ ती सावली."

सावली गेली, धुकं राहिलं. मग चमक काढली, मग उठाव. पडदा पार भुंडा झाला, तरी धुकं जागचं हललं नाही. शिखाचे डोळे भरून आले.

प्रतापराव फडकं घेऊन दारातच थिजले होते. सांगितलं तर नोकरी जाणार. पण पोरीचा चेहरा पाहून त्यांना राहवेना. "सरक बेटा," म्हणत त्यांनी काच पुसली. धुकं गेलं.

"क्या बात है!" ग्राहक बाबूराव केव्हाचे मागे उभे होते. "एका हातात काम तमाम! आणि पडदा पण कसा साफ. मागच्या वेळच्या त्या सावल्यांनी माझं डोकं दुखलं होतं, भिया. असाच द्या. हे कोण?"

उदयसिंहांनी प्रतापरावांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "हे... आमचे सीनियर टेस्टर."

बाबूराव सही करून गेले. प्रतापराव चाचरत म्हणाले, "साहेब, तो डाग मीच पाडला होता."

"कळलं हो मला," उदयसिंह हळूच म्हणाले. "पण सीनियर माणसाने असं चारचौघांत सांगायचं नसतं."